लेझरच्या डोलकाठीत अडकलेला तुटका बुंधा कसा काढावा

लेझर या एका माणसाने हाकायच्या छोट्या शिडाच्या होडीची डोलकाठी अखंड नसते. खालची जाड काठी आणि तिच्यात वरून शिरणारी बारीक काठी अशा दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळून ती उभी राहते. ती मोडते तेव्हा बहुतेक वेळा एकाच जागी मोडते, म्हणजे वरच्या काठीला प्लॅस्टिकची कॉलर ज्या रिव्हेटने जखडलेली असते त्या रिव्हेटच्या भोकापाशी. वरचा लांब तुकडा शिडाच्या बाहीत, म्हणजे काठीवर चढवायच्या कापडी नळीत, लोंबकळत राहतो आणि साधारण फूटभर लांबीचा बुंधा खालच्या काठीत रुतून बसतो. मुंबई बंदरात शिकाऊ मुलांच्या होड्यांची देखभाल करताना हा बुंधा मी इतक्या वेळा काढला आहे की कोणत्या क्रमाने हात घालावा आणि कोणत्या क्षणी हात मागे घ्यावा, हे आता लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. बुंध्याला काहीच किंमत उरलेली नसते. वाचवायची असते ती खालची काठी. बुंधा काढण्याच्या घाईत खालची काठी कायमची निकामी झालेली मी पाहिली आहे, आणि म्हणूनच पुढचा क्रम सर्वांत सोप्या व बिनखर्चाच्या उपायापासून सुरू होतो.

लक्षणे

पहिला प्रकार ओळखायला सोपा असतो. काठी मोडलेली असते आणि खालच्या काठीच्या तोंडातून बुंध्याची वाकडीतिकडी धारदार कड बोट-दोन बोटे वर आलेली दिसते. दुसऱ्या प्रकारात तुटलेली कड तोंडाच्या पातळीला किंवा त्याच्याही आत असते, त्यामुळे पकड घालायला जागाच उरत नाही. तिसऱ्या प्रकारात काहीच मोडलेले नसते, पण दिवसाच्या शेवटी दोन्ही काठ्या एकमेकींपासून सुटत नाहीत. वरची काठी थोडीशी फिरते आणि मग घट्ट बसते, किंवा अजिबात फिरत नाही. या प्रकाराकडे दुर्लक्ष झाले तर पुढच्या जोरदार वाऱ्यात त्याचाच पहिला किंवा दुसरा प्रकार होतो. चौथे लक्षण कानाला कळते: खालची काठी आडवी धरून हलवली की आत काहीतरी खुळखुळते. वरच्या काठीच्या तळाला बसवलेले प्लॅस्टिकचे बूच सुटून खाली घरंगळल्याची ती खूण असते, आणि त्याचा अर्थ असा की बुंधा आता तळाशी उघडा आहे. हे पुढे उपयोगाला येते.

याशिवाय जोडाभोवती पांढरी, पिठासारखी पूड दिसते का, हे अवश्य पाहावे. ती ॲल्युमिनियमच्या गंजाची पूड असते. लोखंड गंजले की तांबडे होते आणि लगेच नजरेत भरते. ॲल्युमिनियमचा गंज पांढरा असल्याने तो वाळलेले मीठ समजून पुसला जातो. मूळ धातूपेक्षा हा गंज जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन नळ्यांमधल्या अरुंद फटीत तो पाचरीसारखा काम करतो.

बुंधा नेमका कशाने धरून ठेवलेला असतो

लेझरला डोलकाठी आवळून धरणारे ताण-दोर नसतात. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी ही होडी आखली तेव्हा ती गाडीच्या टपावरून नेता यावी आणि झटपट उभी करता यावी, हा हेतू होता. १९७१ मध्ये ती बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आता तिचे अधिकृत नाव आयएलसीए असले तरी आपल्याकडे सगळे लेझरच म्हणतात. ताण-दोर नसल्यामुळे शिडाचा सगळा भार काठी वाकून झेलते आणि दोन काठ्यांच्या जोडावर तो एकवटतो. वरची काठी खालच्या काठीपेक्षा बरीच बारीक असते. मधली पोकळी वर कॉलर आणि तळाशी बूच अशा दोन प्लॅस्टिकच्या कड्यांनी भरून काढलेली असते. म्हणजे बुंधा सगळीकडून चिकटलेला नसतो, तो फक्त या दोन कड्यांपाशी धरलेला असतो. ही गोष्ट लक्षात आली की अर्धे काम सोपे होते.

या कड्यांपाशी तीन गोष्टी साचतात: मीठ, वाळू आणि पांढरा गंज. गिरगाव चौपाटीसारख्या किनाऱ्यावरून होडी पाण्यात ढकलणाऱ्यांना वाळूचा त्रास अधिक होतो, कारण काठ्या जोडताना त्या वाळूवर टेकवल्या जातात आणि ओल्या टोकाला लागलेली वाळू तशीच आत जाते. बंदरातल्या धक्क्यावरून उतरणाऱ्यांना मीठ आणि गंज अधिक छळतात. खडकवासल्याच्या किंवा हैदराबादच्या हुसेन सागराच्या गोड्या पाण्यात मिठाचा प्रश्न येत नाही, पण गाळ आणि वाळू तिथेही असतेच. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे जूनमध्ये होड्या वर ओढताना दोन्ही काठ्या जोडलेल्या ठेवून देणे. पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत त्या तशाच पडून राहतात आणि ऑक्टोबरात पहिल्या दिवशी कोणीतरी त्या सोडवायला जातो तेव्हा दोन माणसांच्या पिळानेही त्या हलत नाहीत.

हात घालण्यापूर्वी

जाड कातडी हातमोजे घालावेत, कारण तुटलेल्या ॲल्युमिनियमची कड पत्र्यासारखी कापते. शीड बाहीतून काढताना तुटका वरचा तुकडा बाहेर ओढू नये; शीड सपाट पसरून बाहीच त्याच्यावरून हळूहळू सरकवत काढावी, नाहीतर त्याच कडेने बाही उभी फाटते आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. काठी उभी करण्याआधी वर पाहावे. ॲल्युमिनियममधून वीज वाहते आणि किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून विजेच्या तारा अनेकदा हाताच्या अंतरावरून गेलेल्या असतात.

वरची काठी ॲल्युमिनियमची नसून कॉम्पोझिटची (राळेत बसवलेल्या तंतूंची) असेल, तर पुढच्या उपायांपैकी गोडे पाणी, आपटणे आणि बर्फ एवढेच करावेत. तिच्या तुटलेल्या टोकाचे बारीक तंतू त्वचेत शिरतात, भोक पाडताना उडणारी धूळ श्वासातून जाते आणि उष्णतेने तिच्यातील राळ मऊ पडते. शिवाय तिच्यात कार्बन असेल तर खाऱ्या पाण्यात तो ॲल्युमिनियमला वेगाने गंजवतो, त्यामुळे असा बुंधा आत राहू देणे खालच्या काठीसाठी अधिक घातक असते.

तपासणी पहिली: बुंधा कुठपर्यंत आहे

खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटे. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने खालच्या काठीवर तोंडापासून बुडाकडे हलके हलके ठोकत जावे. बुंधा असेल तिथे आवाज दबलेला येतो, पोकळी सुरू होताच तो खणखणीत होतो. जिथे आवाज बदलतो तिथे चिकटपट्टी लावून खूण करावी. मग तोंडातून एक सरळ काडी आत घालून बुंध्याच्या तळाचे बूच जागेवर आहे की काडी थेट खाली जाते, ते पाहावे. तोंडाच्या कडेपासून बुंध्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. पुढच्या प्रत्येक प्रयत्नानंतर हे अंतर पुन्हा मोजले की बुंधा हलला की नाही ते नक्की कळते; नजरेच्या अंदाजाने दोन मिलिमीटर समजत नाहीत, आणि ते दोन मिलिमीटर हलले असतील तर चालू असलेला उपाय सोडायचा नसतो.

याच वेळी खालच्या काठीचे तोंड बोट फिरवून तपासावे. तिथे उभी चीर किंवा फुगवटा असेल तर इथेच थांबावे आणि थेट शेवटच्या भागाकडे जावे.

तपासणी दुसरी: कॉलरचे अवशेष

कॉलरचा रुंद काठ खालच्या काठीच्या तोंडावर टेकतो आणि तिचा उरलेला भाग आत उतरतो. काठी रिव्हेटपाशी मोडली की कॉलर बहुधा उभी चिरते आणि तिचे तुकडे बुंधा व खालची काठी यांच्यामध्ये तिरके होऊन अडकतात. बुंधा जागचा हलत नाही याचे कारण कित्येकदा एवढेच असते. बांबूची किंवा लाकडाची पातळ पाचर घेऊन कॉलरचे तुकडे चारही बाजूंनी थोडे थोडे उचकटावेत. एकाच बाजूने जोर लावला की समोरची बाजू आत रुतते. लोखंडी छिन्नी वापरू नये. तिचा एक चुकीचा ओरखडा खालच्या काठीच्या तोंडाला पडला तर पुढची चीर तिथूनच सुरू होते. रिव्हेटचा तुटका दांडा बाहेर डोकावत असेल तर तो पकडीने ओढून काढावा किंवा कानसीने कडेच्या पातळीला आणावा, कारण तो आतल्या भिंतीवर ओरबाडत येतो.

तपासणी तिसरी: गोडे पाणी आणि एक रात्र

हा उपाय इतका साधा आहे की तो कोणी मनापासून करत नाही, आणि माझ्या हातून निघालेले निम्म्याहून अधिक बुंधे याच्या आणि पुढच्या उपायाच्या जोडीनेच निघाले आहेत. मीठ पाण्यात विरघळते. ओढून ते तुटत नाही. खालची काठी तोंड वर करून उभी बांधावी, बुंधा आणि काठी यांच्यामधल्या फटीत नळीने गोडे पाणी सोडावे, फट भरून वाहू द्यावी आणि तासाभराने ते पाणी ओतून टाकून नवे भरावे. शेवटचे पाणी रात्रभर राहू द्यावे. पाणी थोडे कोमट असेल तर मीठ लवकर विरघळते. सकाळी ओतलेले पाणी चुन्याच्या निवळीसारखे पांढुरके आले तर गंज सुटू लागला आहे असे समजावे आणि आणखी एक दिवस हेच करावे.

एका फेब्रुवारीत, दुपारचा वायव्येचा वारा जोरात असताना, एका मुलाची काठी मोडली. घाईने आम्ही बुंध्याला दोर बांधून दोन दिवस ओढाताण केली, झाडाला साखळीची कप्पी लावली, तरी तो तसूभर हलला नाही. तिसऱ्या दिवशी सगळे सोडून काठी नळाखाली उभी केली. पुढच्या सकाळी ती उलटी करून लाकडावर पाच-सहा वेळा आपटली आणि बुंधा आपोआप घसरत बाहेर आला. त्याच्या तळाच्या बुचाभोवती चमचाभर ओली काळी वाळू चिकटलेली होती. दोन दिवस आम्ही त्या चमचाभर वाळूशी भांडत होतो.

पाण्यानंतर फट कोरडी करून त्यात डब्ल्यूडी-४० सारखे भेदक तेल सोडता येते. ते मीठ विरघळवत नाही, म्हणून पाण्याच्या आधी वापरू नये. तेलाचा थर बसला की पाणी मिठापर्यंत पोचतच नाही. मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा किंवा फरशीचे ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. दोन्ही पदार्थ ॲल्युमिनियम खातात आणि त्या क्रियेत पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. बंद नळीत असे काही करणे म्हणजे काठीबरोबर स्वतःलाही धोक्यात घालणे होय.

तपासणी चौथी: आपटून बाहेर काढणे

हातोड्याचा दांडा सैल झाला की आपण दांड्याचे टोक जमिनीवर आपटतो आणि वरचे लोखंड स्वतःच्या वजनाने खाली बसते. इथे तेच तत्त्व वापरायचे आहे. खालची काठी तोंड खाली करून दोघांनी उभी धरावी. जमिनीवर मऊ लाकडाचे दोन ठोकळे एवढ्या अंतरावर ठेवावेत की काठीची कड त्यांच्यावर टेकेल आणि बुंध्याला मधून खाली यायला जागा राहील. काठी वीतभर उचलून सरळ सोडावी. काठी ठोकळ्यांवर थांबते, बुंधा मात्र खाली जात राहू पाहतो. दहा-पंधरा वेळा असे करून अंतर पुन्हा मोजावे. बुंधा तोंडाबाहेर डोकावत असेल तर ठोकळे त्याच्या लांबीहून उंच घ्यावेत, नाहीतर तोच जमिनीवर आदळून पुन्हा आत जाईल.

इथे एक चूक नेहमी होते. काठी तोंड खाली धरून तिच्या बुडावर वरून मोगरीने ठोकले जाते. त्याने उलटे घडते: काठी झटक्याने खाली जाते, बुंधा मागे राहतो, म्हणजेच आणखी आत शिरतो. झटका काठी थांबण्याचा असला पाहिजे, काठी निघण्याचा नव्हे. सिमेंटच्या फरशीवर आपटू नये. तोंडाची कड आत वळते आणि बुंध्याची बाहेर येण्याची वाटच बंद होते.

तपासणी पाचवी: बाहेरून गरम, आतून थंड

ॲल्युमिनियमची एक मीटर लांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढते. सुमारे ६० मिलिमीटर व्यासाची नळी ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापली तर तिचा व्यास साधारण ०.०८ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ केसाच्या जाडीएवढी असली तरी रुतलेल्या कडीला मोकळे करायला कित्येकदा तेवढीच पुरते. दुसऱ्या बाजूने, प्लॅस्टिक ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट आकसते. म्हणून आतले बूच आणि कॉलर थंड करणे हे बाहेरची काठी तापवण्याइतकेच, किंबहुना अधिक, उपयोगी ठरते.

काठी तोंड वर करून उभी करावी आणि बुंध्याच्या पोकळीत बर्फाचा चुरा ठासून भरावा. मासळीच्या धक्क्यावर मिळणारा चुरा घरच्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा चांगला, कारण तो भिंतींना सगळीकडून टेकतो. मात्र त्यात मीठ मिसळलेले नसावे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग खूण केलेल्या भागाभोवती जुने टॉवेल गुंडाळून त्यांच्यावर उकळते पाणी ओतावे, साधारण मिनिटभर, आणि लगेच काठी उलटी करून मागच्या पद्धतीने आपटावी. सगळी गंमत वेगात आहे. उष्णता प्लॅस्टिकपर्यंत पोचली की तेही फुगते आणि उलट घट्ट बसते. एक प्रयत्न फसला तर काठी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. उकळत्या पाण्याने भिजलेले टॉवेल हाताळताना जाड मोजे हवेतच, आणि लहान मुलांना या कामात जवळ घेऊ नये.

उकळत्या पाण्यापलीकडे उष्णता वापरू नये. या काठ्यांना मजबुती उष्णता-प्रक्रियेने दिलेली असते आणि धातू २०० अंशांच्या आसपास व त्यावर तापला की ती कमी होऊ लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. एका मिस्त्रींनी गॅसच्या ज्योतीने अडकलेला बुंधा दहा मिनिटांत काढून दिला होता. महिन्याभरात ती खालची काठी साध्या वाऱ्यात जोडापाशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही.

तपासणी सहावी: पीळ, मग ओढ

यापुढे थोडा खर्च आणि थोडा धोका आहे. बुंधा तोंडाबाहेर दोन-तीन बोटे असेल तर त्याच्या भिंतीत समोरासमोर दोन भोके पाडून आठ मिलिमीटरचा बोल्ट आरपार घालावा. आधी ओढू नये, आधी पिळावे. मिठाचा आणि गंजाचा थर फिरवल्याने सुटतो. सरळ ओढल्याने तोच थर पाचरीसारखा घट्ट होतो. बोल्टला धरून डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे असे करत राहावे आणि बुंधा फिरू लागल्यावरच दोराने सरळ रेषेत ओढावे. खालची काठी धरायची कशी, हे तितकेच महत्त्वाचे आहे. गूजनेक (बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, जिथे जोडली जाते तो सांधा) किंवा त्याखालचा व्हँगचा (बूम खाली ओढून धरणाऱ्या दोराचा) खुंट धरून उलटा पीळ देऊ नये, कारण ते नुसत्या रिव्हेटवर उभे असतात. ते हलले की काठीत भोके मोठी होतात. काठीभोवती ओला जाड दोर सात-आठ वेढ्यांनी आवळून त्यात लाकडी दांडा अडकवावा. असा विळखा भार येईल तसा आवळत जातो आणि धातूला ओरखडा उठत नाही.

बुंधा आत असेल तर प्लंबर पाइप तपासण्यासाठी जे रबरी बूच वापरतात ते आणावे. दोन चकत्यांमध्ये रबराचे कडे असते. मधला नट आवळला की कडे फुगून नळीच्या आतल्या भिंतीला धरते. बुंध्याच्या आतल्या व्यासात बसेल असे बूच घेऊन ते खोलवर, तळाच्या जवळ न्यावे आणि पुरेसे धरेल एवढेच आवळावे. जास्त आवळले तर बुंधाच फुगतो. याच कारणासाठी सुके लाकूड ठोकून ते पाण्याने फुगवण्याची जुनी युक्ती इथे वापरू नये. बुचाच्या बोल्टला दोर बांधून आधी झटके द्यावेत. सलग ताणापेक्षा लहान लहान झटके अधिक काम करतात.

कॉम्प्रेसरची हवा सोडून बुंधा उडवण्याचा मोह होतो. ते कदापि करू नये. बुंधा सुटतो तेव्हा तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि समोर कोण उभे आहे ते त्याला कळत नाही.

तपासणी सातवी: बुडाकडून ढकलणे

खालच्या काठीच्या बुडाला प्लॅस्टिकचे टोपण असते. ते काढता आले तर आतून लांब दांड्याने बुंधा ढकलता येतो. किनाऱ्यावर सहज मिळणारी सुरूची सरळ बल्ली यासाठी उत्तम. तिचे टोक सपाट कापून, बुंध्याच्या तळाला पूर्ण टेकेल एवढे जाड ठेवावे. बारीक सळईने ठोकले तर ती प्लॅस्टिकचे बूच फोडून बुंध्याच्या पोकळीत शिरते आणि मग ढकलायला काहीच उरत नाही. बूच आधीच सुटलेले असेल तर बल्लीचे टोक बुंध्याच्या भिंतीवर टेकले पाहिजे, म्हणजे ते बुंध्याच्या आतल्या व्यासापेक्षा जाड आणि खालच्या काठीच्या आतल्या व्यासापेक्षा थोडे बारीक हवे. काठी आडवी, पूर्ण लांबीला आधार देऊन ठेवावी आणि लाकडी मोगरीने बल्लीवर मध्यम ठोके द्यावेत. हा उपाय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण बुडाचे टोपण काढताना अनेकदा तुटते, आणि नवे टोपण पाणबंद बसले नाही तर होडी उलटल्यावर काठीत पाणी भरते आणि होडी सरळ करणे जड जाते.

कुठे थांबावे

तोंडाला चीर दिसली, गूजनेकचे रिव्हेट हलू लागले, काठीला पोचा आला, किंवा वरचे सर्व उपाय प्रत्येकी दोनदा करूनही मोजलेले अंतर एक मिलिमीटरसुद्धा बदलले नाही, तर घरचे काम संपले. बुंध्याला आतून हॅक्सॉच्या पात्याने उभा छेद देऊन तो आत मोडून काढण्याची पद्धत आहे, पण ती हौशी हाताने करू नये. मी एकदा केली. बुंध्याची भिंत संपून खालच्या काठीची भिंत कधी सुरू झाली ते हाताला कळले नाही, आणि त्या उभ्या ओरखड्यामुळे चांगली काठी बाद करावी लागली.

अशा वेळी लांब बेडचा लेथ असलेल्या आणि ॲल्युमिनियमचे काम नियमित करणाऱ्या कारखान्यात काठी न्यावी. तिथे काठीला आधार देऊन बुंधा आतून थोडा थोडा कातून काढता येतो. सोबत मोजमापांचा कागद द्यावा, आणि ज्योत लावायची नाही, वेल्डिंग करायचे नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. काठीला आधीच चीर असेल तर कातकामाचा खर्चही करू नये. चिरलेली खालची काठी पाण्यात मोडली तर ती माणसाच्या अंगाजवळ मोडू शकते.

बुंधा निघाल्यावर

आधी तुटलेली कड उजेडात पाहावी. सगळी कड एकसारखी चमकदार असेल तर काठी एकाच झटक्यात मोडली. एक भाग काळपट किंवा पांढुरका आणि उरलेला चमकदार असेल तर चीर आधीपासून होती आणि ती रिव्हेटच्या भोकातून निघाली होती. बहुतेक वेळा दुसरेच दिसते. काठी वाकते तेव्हा तिची पुढची बाजू ताणली जाते आणि मागची दाबली जाते. ताणलेल्या बाजूला भोक असले की चीर तिथे सुरू होते. म्हणून नवी वरची काठी बसवताना कॉलरचा रिव्हेट होडीच्या मागच्या बाजूला येईल असा फिरवून बसवावा, आणि दर मोसमाला तो भाग भिंगातून पाहावा.

खालच्या काठीच्या आतला भाग लांब काठीला चिंध्या बांधून गोड्या पाण्याने घासून धुवावा, पांढरी पूड बारीक पॉलिश पेपरने काढावी आणि काठी पूर्ण वाळू द्यावी. जोडाला ग्रीस लावू नये. ग्रीस वाळू धरून ठेवते आणि तीच पुढे पाचर होते. नवी काठी तोंडात सोडल्यावर ती स्वतःच्या वजनाने तळापर्यंत गेली पाहिजे आणि एका हाताने पूर्ण फिरली पाहिजे. मध्येच अडली तर जोर न लावता ती बाहेर काढून अडलेली जागा पुन्हा साफ करावी. त्यानंतर रोज होडी वर घेताच काठ्या सोडवाव्यात, दोन्ही टोके धुवावीत, आणि जूनमध्ये त्या शेडच्या छताला वेगवेगळ्या, तोंडे खाली करून टांगाव्यात.